चौदा त्रुटी

रविवार, ९ नोव्हेंबर

पोचलो! खोली दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो – म्हणजे कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढून मान उजवीकडे वळवली की दिसतो. जाहिरातीत मानेचा उल्लेख नव्हता.

ही वही ऑफिसातल्या मंडळींनी निरोपाच्या दिवशी दिली. "साहेब, जन्मभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांबद्दल लिहिलंत, आता स्वतःबद्दल लिहा." तीन महिने कोरीच पडून होती. अन्न तपासणी खात्यात तेहतीस वर्षं काढली. हॉटेलांच्या मोऱ्या हुंगल्या, फ्रीज उघडले, झुरळं मोजली, एकशे बारा स्वयंपाकघरांना टाळं ठोकलं. आता स्वतःची तपासणी करायला बसलो तर अहवाल चार शब्दांत आटोपतो – मुदत संपलेली, झाकण घट्ट.

सहल हिच्या डोक्यातली. "दहा दिवस मला गॅसचं तोंड बघायचं नाही. दोन्ही वेळचं बाहेर जेवायचं, आणि चांगलं जेवायचं." मी म्हटलं, चांगलं हॉटेल शोधायला माझ्याइतका अनुभवी माणूस मिळणार नाही. ही म्हणाली, "बंद करायला मिळणार नाही. शोधायला – बघू."

आणि पहिलंच जेवण फसलं. खोलीवरून खाली उतरलं की उतारावर एक लहानसं हॉटेल आहे, सात टेबलांचं. मला पुढे जाऊन चार ठिकाणं बघायची होती, पण ही सरळ त्यातच शिरली. बसायला जागा मिळाली ती नेमकी आतून ताटं बाहेर देतात त्या खिडकीसमोर. आता समोर स्वयंपाकघराची खिडकी असल्यावर माणसाने काय डोळे मिटून बसायचं? आतलं तसं फार दिसत नव्हतं. कचऱ्याचा डबा, मोरीचा कोपरा, कुणाची तरी पाठ, तव्यापाशी हलणारे हात. पण तेवढं पुरलं.

मासा आला. वाफा येत होत्या. मी दोन घास खाल्ले असतील नसतील, हात आपोआप खिशातल्या पेनाकडे! ताटाखाली कागद अंथरला होता तो ओढला, उलटा केला, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'त्रुटी', उजवीकडे 'पूर्तता'. ऑफिसात असंच असायचं – डावी बाजू आम्ही भरायची, उजवी हॉटेलवाल्याने. काय सुधारलं, कोणत्या तारखेला. निवृत्त माणसाच्या कागदाला कोण पूर्तता देणार? तरी रेघ मारली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

१. कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही.
२. हात धुण्याच्या जागी साबणाची वडी, तीही भिजून लगदा झालेली.
वगैरे वगैरे. सहावी – स्वयंपाकी व्यक्तीच्या डोक्याला टोपीऐवजी फडकं. अकरावी – ओटा आणि ताटं पुसायला एकच कापड. चौदावी – स्वयंपाक करताना मनगटावर घड्याळ. चामड्याचा जुनाट पट्टा, म्हणजे जंतूंचं माहेरघर!

वाढणाऱ्या बाईंच्या हातात दिला. "आत द्या." त्यांनी कागद वाचला, मग माझ्या ताटाकडे पाहिलं. "जेवण आवडलं नाही का?"

"जेवणाचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. मासा तोवर गार झाला होता. तसाच टाकून उठलो.

ही आधी "नका हो लिहू, नका हो देऊ" करत होती. मग गप्प झाली. अजून गप्पच आहे. चौदा त्रुटी, त्याही खुर्चीवरून न उठता! पहिल्या दिवसाच्या मानाने वाईट नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

हिने तोंड उघडलं एकदाचं. सकाळी गॅलरीत चहा पिताना, समुद्राकडे पाहत (म्हणजे समोरच्या इमारतीकडे पाहत) म्हणाली, "पोरगी या गावात आहे."

कप खाली ठेवला. ठेवला असं वाटलं, तो बशीत नव्हता.

आमची एकुलती एक. घरात तिचं नाव 'धाकटे साहेब'. मी थोरले, ती धाकटे. आठ वर्षांची असताना माझी जुनी वही घेऊन रविवारी आईच्या ओट्याची तपासणी करायची. पाठीला हात बांधून उभी राहायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या डब्यांवर तारखा नाहीत. टाळं ठोकावं लागेल." मी हसून हसून लोळायचो. मधोमध रेघ मारायला मीच शिकवली तिला.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कंपनीतली चांगली बसून करायची नोकरी सोडून आली. स्वतः काहीतरी रांधलं, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मी स्वयंपाक शिकतेय. हॉटेलात काम करणार आहे." मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतं. "एकतीस वर्षं मी ज्यांना टाळी ठोकली, त्यातल्या एकात माझी मुलगी उभी राहणार नाही." मग ती गेली. तेव्हापासून फोन आईला येतो. फोन आला की मी पेपर वाचायला घेतो. एकदा उलटा घेतला होता असं ही सांगते.

तर आता बातमी अशी – सहा महिने झाले, ती इथल्याच एका हॉटेलात आहे. हाताखालची नाही, मुख्य स्वयंपाकीण! आणि ही सहल हिच्या डोक्यातली नाहीच. दोघींच्या डोक्यातली.

"कुठल्या हॉटेलात?"

"सांगणार नाही. शब्द दिलाय. ती म्हणाली, बाबांना ओळखू दे. ओळखलं तर मी बाहेर येऊन भेटते. नाही ओळखलं तर तुम्ही दहा दिवस मजा करा आणि परत जा, मी काही मनावर घेणार नाही."

मनावर घेणार नाही म्हणे! असं म्हणून दोन-दोन वर्षं मनावर घ्यायचं ती कुणाकडून शिकली, हे मी विचारलं नाही.

"आणि एक ऐका," ही म्हणाली, "या खेपेला जमलं नाही तर ती पुन्हा बोलावणार नाही. मी तिला ओळखते. तुमचीच आहे ती."

"हात्तिच्या! उंबरठा ओलांडला की ओळखेन," मी म्हणालो. हे झालं ऐटीत बोलायचं. खरं सांगायचं तर – आणि इथे सांगायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही – मला तिला बघायचंय. दोन वर्षांत बारीक झाली असेल का, एवढं तरी.

खोलीवाल्या बाईंकडून गावाचा नकाशा आणला. खाण्याच्या जागा त्रेसष्ट. पेन्सिल घेतली आणि पहिली फुली उतारावरच्यावर मारली. माझी मुलगी आणि उघडा कचऱ्याचा डबा? शक्यच नाही! राहिल्या बासष्ट.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज नऊ जागा बाद. दोन ठिकाणी जेवलो, सात ठिकाणी मागच्या दारातून बघितलं. हॉटेलाची कुंडली मागच्या दारात असते, पुढच्या दारात नुसती कुंड्यांतली झाडं.

शिकलेल्या गोष्टी – समुद्र जितका जवळ तितका मासा शिळा. ज्या हॉटेलाबाहेर माणूस उभा राहून "या साहेब, या वहिनी" म्हणतो, तिथे आत कुणीच नसतं. मेनूवर पदार्थांचे फोटो असतील तर ताटात येतं ते फोटोचं दूरचं नातेवाईक. आणि खोलीवाल्या बाईंना गावभर मावसभाऊ आहेत, आणि प्रत्येकाचं हॉटेल आहे. "माझं नाव सांगा, हं!" नाव सांगितलं. भावाने विचारलं, "कोण?"

दुपारी एका काचेच्या हॉटेलात जेवलो. सगळं काचेचं – भिंती, टेबलं, जिना. मी विचार केला, काच म्हणजे स्वच्छता, स्वच्छता म्हणजे धाकटे साहेब. ताट आलं तेही जवळजवळ पारदर्शकच. मधोमध चार घास, बाकी चिनीमाती. हिने विचारलं, "हे आणलंय की नेतायत?"

संध्याकाळी जहाजाच्या आकाराच्या हॉटेलाच्या मागच्या दारातून डोकावत होतो. आतून एका आचाऱ्याने भांड्यांचं पाणी फेकलं. गुडघ्यापर्यंत भिजलो. तो धावत बाहेर आला, "काका, इथे काय शोधताय?"

"मुलगी," मी म्हणालो.

वाक्य तोंडातून गेल्यावर कसं ऐकू येतं ते कळलं. आचारी माझ्याकडे बघतच राहिला. मग मी 'माझी स्वतःची' वगैरे खुलासा करायला गेलो आणि अजूनच चिखल केला. हात दाखवून अवलक्षण. विजार गॅलरीत वाळत घातलीय. ही अजून हसतेय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी दूध आणायला उतारावरून गेलो. त्या चौदा त्रुटीवाल्यांचं मागचं दार उघडं होतं. कचऱ्याच्या डब्याला झाकण! नवंकोरं, पायाने उघडणारं! मोरीपाशी साबणाची बाटली टांगलेली!

परत येऊन हिला सांगितलं. "बघ, सही नाही, शिक्का नाही, नुसता ताटाखालचा कागद. पण लेखी दिलं की काम होतं. मालक समजूतदार दिसतोय." ही केस विंचरत होती. "हो, मालकिणीने मनावर घेतलेलं दिसतंय," म्हणाली.

मालक असो की मालकीण. आपला वचक अजून आहे, एवढं खरं.

आज सहा जागा बाद.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजचं लिहू की नको असं झालंय. लिहितो. एवढा मोठा गाढवपणा नोंदीशिवाय राहायला नको.

बाजाराच्या टोकाला हिरव्या दाराचं एक हॉटेल. मागच्या दारातून डोकावलो आणि मान परत घ्यायचीच विसरलो. भाजीची फळी वेगळी, माशाची वेगळी, दोन्हींवर रंगाच्या खुणा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख! फडकी धुऊन ओळीने वाळत घातलेली. मोरी अशी की तिथे बसून जेवावं. तेहतीस वर्षांत मी असं स्वयंपाकघर पाहिलं नाही. आणि डब्यावर तारखा लावणारी माणसं या जगात दोनच – एक मी, आणि दुसरी मी जिला शिकवलं ती.

हिला ओढतच नेलं. ही म्हणत होती, "अहो, नीट विचार करा." मी म्हटलं, विचार तपासणीच्या आधी करायचा असतो, नंतर निर्णय.

जेवण मागवलं. काय मागवलं, काय आलं, लक्षही नव्हतं. कागदाच्या रुमालावर चार ओळी लिहिल्या. तीनदा फाडल्या, चौथ्यांदा जमल्या –

"तपासणी पूर्ण. एकही त्रुटी नाही. दोन वर्षांपूर्वी बोललो ती माझी चूक होती. बाहेर ये. – बाबा."

वाढप्याकडे दिल्या. म्हटलं, स्वयंपाक करणाऱ्यांच्याच हातात द्या. तो आत गेला. मी शर्ट नीट केला, चष्मा पुसला. ही माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

आतून बाहेर आले ते साठीचे एक गृहस्थ. भरघोस मिशा, पोट एप्रनमध्ये मावत नाही. हातात रुमाल. डोळ्यांत पाणी – हसण्याचं. "बाबा!" म्हणाले, आणि मला मिठीच मारली. "पन्नास वर्षांपूर्वी गेलात, तेव्हा काही बोललाच नाहीत हो!"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, दुसरं करणार काय? माणूस भला. सैन्याच्या भटारखान्यात जन्म गेला म्हणून ती टापटीप. डब्यावर तारखा लावणारा जगात तिसराही आहे, एवढी ज्ञानात भर पडली. रुमाल त्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, "ही ओळ कुणीतरी मला लिहायला हवी होती, म्हणून ठेवतो."

बाहेर पडलो. ही समुद्राच्या कठड्यावर बसली. मीही बसलो. म्हणाली, "जेवण कसं होतं?"

"स्वच्छ होतं."

"चव?"

आठवायचा प्रयत्न केला. उकडलेलं काहीतरी होतं. दवाखान्यात देतात तसं.

"तुम्ही तिला फळ्यांवरून शोधताय, डब्यांवरून शोधताय," ही म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "ती स्वयंपाक करते. चवीवरून शोधा ना."

"शोधू की."

"कसं शोधाल? तिच्या हातचं कधी खाल्लंय तुम्ही?"

त्या रविवारी तिने ताट ठेवलं होतं. मी तिचं ऐकलं, माझं बोललो आणि उठलो. घास घेतलाच नव्हता. हिने नंतर ते ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी मी विचारलं, आज भाकरी करशील का, म्हणजे झाकलेलं तसंच राहिलं. त्यात काय होतं, तेही मला माहीत नाही. मासा होता की भाजी. गोड की तिखट.

एकशे बारा स्वयंपाकघरं बंद पाडली त्याची आकडेवारी पाठ आहे. पोरीने पहिल्यांदा माझ्यासाठी काय रांधलं, ते ठाऊक नाही. लाज वाटते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नवा नियम, हिने केलेला. स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं. चष्मा काढून हिच्या पर्समध्ये ठेवायचा. पेनसुद्धा. मग जेवायचं आणि चव सांगायची.

पहिल्यांदा फारच चाचपडलो. "कसं आहे?" ही विचारायची. मी म्हणायचो, "तापमान योग्य आहे." ही कपाळाला हात लावायची. दुसऱ्या ठिकाणी म्हणालो, "मीठ आहे." प्रगती! तिसऱ्या ठिकाणी लिंबाची एक गोड गोष्ट होती, थंड, दाटसर. आधी आंबट लागली, मग गोड, मग आतून कुठूनतरी लिंबाच्या सालीचा कडूपणा आला आणि बरा वाटला. तसं सांगितलं. हिने स्वतःची वाटी माझ्याकडे सरकवली.

अठ्ठावन्न वर्षांचा झालो. जिभेचा वापर आत्तापर्यंत बहुतेक बोलण्यासाठीच केला.

चष्म्याशिवाय परत येताना एका कुंडीला "माफ करा" म्हणालो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पोट बिघडलं. काल चौथ्या ठिकाणी फ्रीज बघायला हवा होता!!

रविवार, १६ नोव्हेंबर

काल दिवसभर खोलीतून न्हाणीघरात आणि न्हाणीघरातून खोलीत. मजल्यावरची ती एकच वाट आता मला टाइल न् टाइल पाठ आहे. अन्न तपासणी अधिकारी अन्नाने आडवा. ऑफिसात कळलं तर पेढे वाटतील. दोन दिवस उरलेत. परवा दुपारी चारची गाडी. नकाशावर बेचाळीस जागा शिल्लक आणि मी अंथरुणात. हिला म्हटलं, "तू सांगूनच टाक आता." ही म्हणाली, "शब्द दिलाय." मी म्हटलं, "आजारी माणसाला सूट असते." "औषधात असते," म्हणाली, "शब्दात नसते."

दुपारी कुठूनतरी स्टीलचा डबा घेऊन आली. आत गरम सूप. सोबत पाव.

"कुठून आणलंस?"

"जवळूनच. पोट बिघडलंय म्हटलं, त्यांनी वेगळं करून दिलं. खा आधी."

झाकण काढलं. चष्मा हिच्याकडेच होता. वास आला – आलं, गाजर, आणि काहीतरी भाजल्याचा वास. पहिला चमचा घेतला. साधं होतं. पण साधं म्हणजे बेचव नव्हे. मीठ किंचित कमी, मुद्दाम कमी, आजारी माणसासाठी ठेवतात तसं. आलं घशातून उतरताना कळलं. तळाशी भाताची शितं, मऊ केलेली. ज्याने कुणी केलं त्याला ठाऊक होतं की खाणारा दोन दिवस उपाशी आहे, चिडचिडा आहे, आणि त्याला कुणी 'खा' म्हटलेलं आवडत नाही. सूप 'खा' म्हणत नव्हतं. नुसतं समोर बसलं होतं.

डबा संपवला. पावाने पुसूनसुद्धा घेतला.

"कसं होतं?" हिने विचारलं.

"चांगलं होतं," मी म्हणालो. "फार चांगलं होतं गं."

ही उठून गॅलरीत गेली. बराच वेळ आलीच नाही. एवढा वेळ मान वळवून समुद्र बघत होती की काय!

डबा मी स्वतः घासला. परत द्यायचाय म्हणून. तीनदा घासला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उठून बसलो. अशक्तपणा आहे, पण डोकं चालतंय. रात्रभर एकच विचार – ते सूप.

सकाळी हिला विचारलं, "सूप करणारी माणसं कोण आहेत?"

"का? त्रुटी लिहायच्यात?"

"नाही. ज्याने ते केलं त्याला बघायचंय." डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "ती असेल-नसेल. ती नसली तरी बघायचंय. सांगायचंय की चांगलं होतं. आजवर मी कुणाला कधी सांगितलं नाही."

हे खरंच आहे. एकशे बारा टाळी आणि इतक्या सगळ्या त्रुटी, पण 'चांगलं होतं' लिहायला आमच्या कागदावर जागाच नव्हती. दोनच बाजू – त्रुटी आणि पूर्तता. चांगल्याची बाजू नव्हती. मी कधी मागितलीही नाही.

ही म्हणाली, "डबा परत द्यायचाच आहे. उद्या जेवायला तिथेच जाऊ. गाडी चारची आहे. पण कुठे ते आत्ता विचारू नका. आणि तिथे पोचलात की मागच्या दारात जाऊ नका."

"नाही जाणार."

"आणि ती नसली तर मला तोंड पाडून दाखवू नका."

"नाही पाडणार." खोटं बोललो.

नकाशा घडी करून बॅगेच्या तळाशी टाकला. बेचाळीस जागा राहिल्या त्या राहिल्या. हरलो तर हरलो. त्रेसष्ट हॉटेलांच्या गावात स्वतःची मुलगी न सापडलेला तपासणी अधिकारी! खात्यातून काढायलाच हवं होतं मला. तरी पांढरा शर्ट खोलीवाल्या बाईंकडून इस्त्री मागून स्वतः इस्त्री केला. कॉलरवर एक चुणी राहिलीच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उतारावरचं. तेच सात टेबलांचं. ही हाताला धरून आत घेऊन गेली. काखेत कळसा आणि गावभर नऊ दिवस वळसा.

तेच टेबल, तीच खिडकी. खिडकीशेजारी भिंतीवर माझा कागद टाचलेला, तेलाचे डाग पडलेला. उजवी बाजू भरलेली. झाकण – आणलं, ता. ११. साबण – बदलला, ता. ११. टोपी – ता. १०. एकेक करत चौदावी, घड्याळ. तिच्यापुढे लिहिलं होतं, "काढलं. शाळा संपली तेव्हा तुम्हीच दिलं होतं, म्हणून घालत होते."

खाली डाव्या बाजूला एक ओळ जास्तीची. अक्षर मी गिरवून घेतलेलं.

"१५. जेवण कसं होतं, ते तपासणी अधिकाऱ्यांनी लिहिलेलं नाही. – धाकटे साहेब."

तिच्यापुढची जागा कोरी होती. खिडकीत तेच हात दिसले. मनगटावर घड्याळाच्या जागी कातडीचा फिकट पट्टा. हातांनी ताट पुढे सरकवलं आणि ते तिथेच थांबले. मासा. वाफा येत होत्या.

पेन काढलं, हिच्या हातात दिलं, आणि आधी जेवलो.